गाजरांवरची माती

२३ ऑगस्ट, गुरुवार

बाजार झाला.

माझा नवरा सिरिल असताना तो दर गुरुवारी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एवढेच दोन शब्द लिहायचा. तो गेला, आता ते मी या वहीत लिहिते. घंटाही त्याचीच, वाजवते मी. मार्लस्टोच्या चौकात लोणीचौथरा आहे. दगडी खांबांवर छप्पर, त्याखाली पूर्वी लोणी विकणाऱ्या बायका बसत. त्याच्या पायरीवर उभं राहून सकाळी नऊला घंटा वाजवायची, म्हणजे बाजार सुरू. घंटेआधी कुणी मुळाही विकायचा नाही.

विकणारा एक. विल्फ बोडली. मासेवाला गेला, चीजवाल्या बहिणी थकल्या, भांडीवाला लेकीकडे स्पेनला जाऊन राहिला. आता आमचा बाजार विल्फच्या एका टेबलावर उभा आहे आणि त्या टेबलाचाही एक पाय डुगडुगतो. बाजाराला राजाने दिलेल्या जुन्या सनदेत स्पष्ट लिहिलंय की दर गुरुवारी चौकात गावच्याच जमिनीतून निघालेलं पीक विकणारा निदान एक आणि घेणारा निदान एक पाहिजे, घंटा वाजवणारा तिसराच पाहिजे. एक गुरुवार चुकला की बाजार मोडला. मग चौक नगरपालिकेचा, आणि नगरपालिकेला तिथे मोटारी उभ्या करायच्या आहेत.

सेंट ल्यूकच्या दिवशी, १८ ऑक्टोबरला, सनदेला साडेसातशे वर्षं होतात. त्या दिवशी जिल्ह्याच्या कचेरीतून कुणी बाई येऊन बघणार की बाजार खरंच भरतो का. भरला तर चौक कायमचा राखीव. त्या दिवसासाठी गावाच्या इतिहासाची एक पुस्तिका लिहायचं काम मी पत्करलंय. जीव थाऱ्यावर नाही. आज तीनदा चौकात जाऊन आले, दोनदा तर कारण नसताना.

३० ऑगस्ट, गुरुवार

बाजार झाला. या उन्हाळ्यात नदीने सगळ्यांचे मळे धुऊन नेले. जे उरलं ते किडीने खाल्लं. मेव्हिस पेटिफर माझी शेजारीण, तिची गाजरं म्हणजे म्हाताऱ्याच्या बोटांसारखी वाकडी आणि भोकं पडलेली. आणि विल्फची बघा, एकाच लांबीची, एकाच जाडीची, सरळसोट.

"विल्फ, तुझ्या वाफ्यावरून पूर उडी मारून गेला की काय?"

"माझा हात हलका आहे गं एनिड," तो म्हणाला. "गाजराला हात हलका लागतो."

कामचुकार माणूस, पण हात हलका आहे हे खरं. एक मात्र कळलं नाही. आमची माती विटेसारखी लाल. धुतलेल्या चादरींवरसुद्धा तिची झाक राहते. विल्फच्या गाजरांना मात्र काळीभोर माती चिकटलेली असते. विचारलं तर म्हणाला, घोड्याचं खत घालतो. असेल.

क्लाइव्ह स्टॅनब्रिज आला होता. नगरपालिकेत मोटारींचा ठराव याच सद्गृहस्थाने मांडलाय. दर गुरुवारी येतो, जाड कांद्याच्या पातीसारख्या लीकची जुडी घेतो, जातो. पाळत ठेवायला येतो, दुसरं काय.

६ सप्टेंबर, गुरुवार

बाजार झाला.

पुस्तिकेत आज सलगमाची गोष्ट लिहिली. ही गोष्ट न ऐकता मार्लस्टोचं एकही पोर मोठं झालेलं नाही. सतराशे चाळीसच्या हिवाळ्यात नदी गोठली, जमीन दगड झाली, पक्षी फांद्यांवरून मरून पडत होते. शेजारच्या कॉब्ली गावचे लोक पुलापलीकडे गाड्या जोडून बसले होते. इकडे बाजार मोडला की तिकडे बाजार सुरू करायचा, हा त्यांचा बेत. घंटेची वेळ झाली तरी चौकात चिटपाखरू नाही. तेवढ्यात म्हातारा टॉमस गुडिफ गुडघाभर बर्फातून आला, हातात एक सलगम. पाद्रीबुवांनी तो विकत घेतला आणि बाजार वाचला. लोणीचौथऱ्यावर तो सलगम दगडात कोरलेला आहे. कॉब्लीवाले अजून आम्हाला 'सलगमे' म्हणून चिडवतात आणि आम्ही मान ताठ करून ऐकतो.

विल्फला वाचून दाखवली. तो टेबलाला रेलून उभा होता, हल्ली तो सारखा रेलूनच असतो.

"मला एक सांग," तो म्हणाला, "जमीन दगड झाली होती ना? मग तो सलगम त्याने काढला कसा?"

"तुझ्यासारखा आळशी नव्हता, म्हणून."

"हं. तसं असेल," असं म्हणून विल्फ हसला. जोरात हसायची काय गरज होती कळलं नाही.

१३ सप्टेंबर, गुरुवार

बाजार झाला, पण संताप आला. विल्फ चक्क क्लाइव्हच्या गाडीतून आला. भाजीचे खोकेही गाडीतूनच उतरले.

"लंगडत येताना दिसला, मिसेस चिव्हर्स," क्लाइव्ह म्हणाला. "म्हटलं सोडावं."

"तुझी गाडी तुला लखलाभ. उद्या तीच इथे उभी करायची आहे ना?"

"आज ऊन छान पडलंय, नाही?" असं म्हणून तो लीक निवडायला लागला.

हा आमच्या गावाचा स्वभाव. माणूस बुडताना दिसला तरी आधी हवापाण्याची चौकशी करतील, मग दोर टाकतील, आणि पुढे जन्मभर त्या दोराबद्दल अवाक्षर काढणार नाहीत. पुस्तिकेत हे लिहावं की नाही, ठरत नाहीये.

विल्फला घरी जाताना झापलं. शत्रूच्या गाडीत बसतात का म्हटलं. त्याने टोपी कपाळावर ओढली.

१७ सप्टेंबर, सोमवार

विल्फचा खुबा दुखतो हे आता मलाही दिसतंय. त्याला गाजरं उपटायला मदत करावी म्हणून आज मळ्यांकडे निघाले. नदीकाठी गावकऱ्यांचे भाड्याचे छोटे मळे आहेत. विल्फचा एक, त्याला लागून सिरिलचा. सिरिल गेल्यापासून मी तिकडे पाऊल टाकलेलं नाही. त्याची बादली, त्याचं खोरं, त्याची जुनी टोपी तिथल्या टपरीत खुंटीला असेल. ते बघायची हिंमत झाली नाही इतके दिवस.

फाटकाशी पोचते तोच मेव्हिस धावत आली. "अगं, आत जाऊ नकोस. गांधीलमाश्यांनी थैमान घातलंय." मी म्हटलं, गांधीलमाश्यांना मी भीत नाही. तेवढ्यात आमच्या पाद्रीबाई हेस्टर सायकलवरून आल्या. "एनिड, अहो, वाटेवर कमरेएवढं पाणी आहे."

एकाच वाटेवर पूर आणि गांधीलमाश्या. दोघी माझ्या दोन्ही बाजूंनी चालत मला थेट घरापर्यंत सोडून गेल्या. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटलं.

२७ सप्टेंबर, गुरुवार

बाजार झाला. विल्फने सफरचंदंही आणली होती. एकावर चकचकीत गोल स्टिकर होतं.

"हे काय?"

"नातीने चिकटवलं असेल."

विल्फने लग्नच केलेलं नाही. "कुणाच्या नातीने?"

"आली होती कुणाचीतरी," तो म्हणाला आणि स्टिकर खिशात घातलं. वय झालं त्याचं, काहीही बोलतो.

गाजरं हातात घेतली तर बर्फासारखी गार. पहाटेच उपटली म्हणाला. एवढा कष्टाळू तो कधी झाला? मेव्हिसने सकाळी सकाळी भली मोठी पिशवी भरून गाजरं घेतली. काल संध्याकाळीच तिच्या ओट्यावर मी गाजरांचा ढीग पाहिला होता, बायपासवरच्या त्या पत्र्याच्या डब्यासारख्या सुपरमार्केटमधून आणलेला. घरात एवढं असताना पुन्हा घेते. पैसा वर आलाय बाईचा.

मी त्या डब्यात आजवर पाय ठेवलेला नाही, ठेवणारही नाही. गावातली अर्धी दुकानं त्याने गिळली.

४ ऑक्टोबर, गुरुवार

बाजार झाला. काल नगरपालिकेची सभा होती, मी मागच्या बाकावर बसले. क्लाइव्ह उभा राहून म्हणाला, "बाजार केव्हाच मेलाय, फक्त पुरायचा राहिलाय. आपण सगळे हे जाणतो."

सगळे खाली बघत राहिले. एकानेही विरोध केला नाही. हेस्टरबाईसुद्धा बुटांच्या नाड्या बघत बसल्या. मी उभी राहिले आणि म्हटलं, "मेलेला बाजार गाजरं विकत नाही, क्लाइव्ह. विल्फ बोडलीच्या हातांना विचार." कुणीतरी खोकलं. क्लाइव्हने हातातले कागद सारखे केले. मग म्हणाला, "बरोबर आहे मिसेस चिव्हर्स. विल्फबद्दल मी काही बोललो नाही." आणि बसला.

आज सकाळी लीक घ्यायला पहिला तोच. या माणसाचं मला काही कळत नाही. रागाने घंटा इतकी जोरात वाजवली की 'सफेद हरीण' या पबचा मालक खिडकीतून डोकावला आणि म्हणाला, "एनिडबाई, मेलेले उठतील."

"तेच करतेय," म्हटलं.

११ ऑक्टोबर, गुरुवार

बाजार झाला. आता एकच गुरुवार उरला. झोप नाही, जेवणावर वासना नाही. पुस्तिका छापायला दिली, परत मागवली, सलगमाच्या गोष्टीतला एक शब्द बदलला, परत दिली. छापखानेवाला वैतागलाय.

विल्फचा चेहरा पांढराफटक. टेबल आवरताना म्हणाला, "एनिड, समज, एखाद्या गुरुवारी मोडलाच, तर काय होईल?"

मी अशी उसळले की स्वतःलाच आश्चर्य वाटलं. म्हटलं, "सिरिलने तीस हिवाळे इथे उभं राहून घंटा वाजवली. न्यूमोनिया असताना वाजवली. त्याचं जे काही माझ्याजवळ उरलंय ते हेच आहे, विल्फ. मोडला तर मी गुरुवारी उठायचं कशासाठी?"

इतकं मी कुणाजवळ बोलले नव्हते. विल्फने टोपी काढली, पुन्हा घातली. "काही नाही गं, असंच विचारलं," म्हणाला. "येईन मी."

१६ ऑक्टोबर, मंगळवार

विल्फ पडला. खुबा मोडला. मेव्हिस सांगत आली, "मळ्यात पाय घसरला म्हणे." जिल्ह्याच्या हॉस्पिटलात नेलाय, उद्या ऑपरेशन.

लिहायची लाज वाटते, पण माझ्या मनात आधी गुरुवार आला. विल्फ नंतर आला.

१७ ऑक्टोबर, बुधवार

सगळं लिहून काढते.

सकाळभर दारोदार फिरले. चार बटाटे द्या, दोन मुळे द्या. कुणाच्याच जमिनीत काही नाही, पुराने ठेवलंच नाही. दुपारी ठरवलं, विल्फची गाजरं आपणच उपटायची आणि आपणच विकायची. घंटा दुसरं कुणीही वाजवेल. मळ्यांकडे गेले. वाट कोरडी ठणठणीत होती. एकही गांधीलमाशी दिसली नाही.

विल्फच्या मळ्यात कमरेएवढं काटेरी गवत होतं. गाजराचं एक पान नाही. वाफेसुद्धा ओळखू येईनात, इतक्या वर्षांत तिथे कुणी कुदळ मारलेली नव्हती. चुकीच्या मळ्यात आलेय असं वाटून मी आधी बाहेर गेले आणि पाटी वाचून परत आले. बोडली. बरोबर होतं.

टपरीचं दार ढकललं. आत एक टब, एक ब्रश, बागेच्या काळ्या मातीचं विकतचं पोतं अर्धं रिकामं. आणि फळीवर त्या सुपरमार्केटच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, घड्या घालून रचलेल्या. वरच्या कशातरी चुरगाळलेल्या. खालच्या सगळ्या मात्र त्रिकोणी घडीच्या, एकावर एक नीट. पिशवीची त्रिकोणी घडी या जगात एकच माणूस घालायचा. लग्नानंतर मी किती थट्टा केली होती त्याची.

सिरिलची बादलीही तिथेच पालथी पडली होती, तिच्यावर बसले. 

मग चालत बायपासवर गेले. सरकत्या दारांपाशी क्षणभर थांबले. आत शिरले. भाज्या कुठे असतात ते विचारावं लागलं. गाजरांच्या कप्प्यापाशी क्लाइव्ह स्टॅनब्रिज उभा होता, त्याच्या ढकलगाडीत गाजरंच गाजरं.

"मिसेस चिव्हर्स," तो म्हणाला. मग म्हणाला, "घरी सूप करायचं होतं."

"पलटणीसाठी?"

त्याने ढकलगाडी बाजूला सारली. "विल्फला मळ्यात खणवेनासं झालं. तेव्हापासून हे चाललंय. आधी सिरिलकाका आणायचे त्याला इथे, बुधवारी. आजारी पडले तेव्हा मला बोलावलं. म्हणाले, बुधवार तू सांभाळ, गुरुवार एनिड सांभाळेल. आणि तिला यातलं अक्षर कळता कामा नये. या खेपेला घाईने एक दिवस आधीच आलो, आणि काल विल्फ इथेच पडला, बाहेर गाड्यांच्या रांगेत. मळ्यात नाही."

"आणि गाव?"

"गावाला ठाऊक आहे."

"सगळ्यांना?"

"तुम्ही सोडून."

मला त्याच्या श्रीमुखात द्यावीशी वाटली. सिरिलच्याही. "आणि तू सभेत उभा राहून म्हणतोस बाजार मेलाय."

"मेलाच आहे," क्लाइव्ह म्हणाला. "सभेत मी खरं तेच बोलतो. ती मोटारींची जागा गावाला हवीच आहे, हे माझं मत अजूनही आहे. पण मत बुधवारच्या सभेपुरतं. गुरुवारी मी सलगम्याच आहे ना. म्हटलं, उद्या मीच टेबल लावावं, तुमच्या नजरेला नजर न देता. झाकली मूठ राहिली असती."

माझ्या जिभेवर खूप काही होतं. तोंडून निघालं ते असं: "ही जाड नकोत. विल्फ जरा बारीक आणतो."

त्याने सगळी परत ठेवली आणि बारीक घेतली.

परतताना त्याला मळ्यांपाशी गाडी थांबवायला सांगितली. सिरिलच्या मळ्यातून बादलीभर माती घेतली, ओली, लाल. आता ओट्यावर बसून एकेक गाजर माखतेय. काम वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. जास्त लावली तर नाटकी दिसतं, कमी लावली तर दुकानातलं. माखता माखता टॉमस गुडिफ आठवला. जमीन दगड झालेली, नदी गोठलेली, पलीकडे कॉब्लीच्या गाड्या भरलेल्या. तो म्हातारा आदल्या दिवशी पूल ओलांडून कुठे गेला असेल ते मला आज कळलं. पाद्रीबुवांनाही ठाऊक असणार. सगळ्या गावालाच ठाऊक असणार.

पुस्तिका छापून आली आहे. गोष्ट आहे तशीच राहू दे.

१८ ऑक्टोबर, गुरुवार, सेंट ल्यूकचा दिवस

सकाळी चौकात टेबल लावलं, डुगडुगत्या पायाखाली पुस्तिका घातली. घंटा क्लाइव्हच्या हातात दिली. मनगट कसं वळवायचं ते दाखवलं. तरी पहिला ठोका भांडं पडल्यासारखा आला. दुसरा बरा.

सगळे रांगेत होते. मेव्हिस, हेस्टरबाई, 'सफेद हरीण'चा मालक. आज कुणीही माझ्या डोळ्यांत बघेना. मला अजून ठाऊक नाही, की आता ठाऊक झालंय, हे त्यांना कळत नव्हतं. मेव्हिसने गाजर उचललं, अंगठ्याने माती चोळून बघितली, लाल आहे हे पाहिलं आणि एकदम माझ्याकडे बघितलं.

"काय गं," मी म्हटलं, "घ्यायची आहेत की नुसती चिवडायची आहेत?"

"हवा छान आहे आज," मेव्हिस म्हणाली. तिने पिशवी उघडून पुढे धरली.

जिल्ह्याच्या बाई दहाच्या सुमारास आल्या. तरुण, चष्मा, ओल्या दगडांना न जुमानणारे उंच टाचांचे बूट. त्यांनी घंटा वाजवणारा कोण विचारलं, घेणारे पाहिले, मग टेबलापाशी आल्या. मागे सगळं गाव रांगेत. क्लाइव्हने घंटेची जीभ मुठीत घट्ट धरली होती, चुकून वाजू नये म्हणून.

"फार सुंदर आहेत," बाई म्हणाल्या. "इथलीच ना?"

साठी उलटेपर्यंत मी कधी खोटं बोलले नाही असं नाही, पण चौकात, लोणीचौथऱ्यासमोर, कधी बोलले नव्हते.

"मातीच बघा ना बाई," मी म्हटलं. "अशी लाल माती दुसरीकडे सापडायची नाही. माझ्या नवऱ्याच्या मळ्यातली आहे."

त्यांनी नाकाशी नेऊन वास घेतला. "खरंच," त्या म्हणाल्या, आणि एक जुडी विकत घेतली.

दुपारी क्लाइव्हने हॉस्पिटलात नेलं. तो खालीच थांबला. विल्फ उशांवर पडलेला, मातीचा डाग नसलेले हात चादरीवर. मला पाहून त्याचा चेहरा असा झाला की मला मेव्हिस, हेस्टरबाई, सगळेच आठवले. घाबरला होता बिचारा. त्याला खुब्याची भीती नव्हती, माझी होती.

मी खुर्ची ओढून बसले. हातमोजे काढले.

"गेली का?" त्याने विचारलं.

"गेली. सगळी."

"माझीच होती ना?" तो म्हणाला, आणि छताकडे बघायला लागला.

"तुझ्याशिवाय कुणाची असणार? मीच जाऊन उपटली," मी म्हटलं. "मागच्या वाफ्यातली. तिथली गोड असतात, तूच म्हणतोस ना."

त्याने माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं, नजर काढली नाही. मग तो हळूच म्हणाला, "मागच्या वाफ्यातली. हो. तिथलीच गोड असतात." आणि माझा हात धरला. माझ्या नखांत लाल माती होती, ती त्याने अंगठ्याने एकदा पुसली, आणि डोळे मिटले.

तो झोपल्यावर मी हातमोजे घातले. खिडकीबाहेर खाली क्लाइव्ह गाडीला टेकून उभा दिसत होता. पुढच्या बुधवारी किती वाजता निघायचं ते त्याला जाताना विचारलं.

बाजार झाला.